हेड गया!

दिल्लीच्या आसपास रस्त्याकडेला ट्रकचं बॉनेट उघडून उभं राहावं. पाणी मागितलं तर मिळायला वेळ लागतो, निदान मात्र ताबडतोब मिळतं. पानवाला, बसची वाट बघणारा, समोरच्या एटीएमचा रखवालदार, सगळे आत डोकावतात, मान हलवतात आणि म्हणतात, "हेड गया." इंजिन डिझेलवर चालतं की गॅसवर, हे विचारायची पद्धत नाही.

मामांच्या 407 चं हेड असं निम्म्या फरिदाबादनं घालवलं होतं. गाडी 1998 ची, दुसऱ्या हातची. मामा मूळचे आटपाडीकडचे. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. दिल्लीत करोलबागेत आणि चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत ती अजून सोनं गाळतात. मामाही त्यांच्या मागोमाग आले, पण भट्टीची धग सोसेना म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यात शिरले. कारखाना फरिदाबादच्या एनआयटीत. एनआयटी म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, पण गावाकडे सोयरिकीच्या बोलण्यात "मामा एनआयटीत असतात" एवढंच सांगायचा रिवाज होता आणि ऐकणारे सावरून बसायचे. धग काही चुकली नाही. ती पुढं 407 च्या बॉनेटखाली भेटली.

2014 चा उन्हाळा. त्या जूनमध्ये पालमला 47.8 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. खोकी भरून गाडी दिल्लीला निघायची, बदरपूर ओलांडायची आणि आश्रम चौकाच्या कोंडीत वाफ सोडत उभी राहायची. जिथं उभी राहील तिथं खाली काळा डाग. पाणी तर इतकं प्यायची, की ड्रायव्हरनं मागं खोक्यांची जागा कमी करून कॅन ठेवले होते. बदरपूरच्या अलीकडच्या उस्तादांनी लांबूनच निकाल दिला. "हेड खुलेगा, बाउजी. लगे हाथ वॉल्व्ह, रिंग, पिस्टन भी देख लेंगे." दिल्लीकडच्या गॅरेजमध्ये सगळ्यात महाग काय असेल तर हे 'लगे हाथ'.

मामांनी मला फोन लावला. "तू पुण्याचा, गाडी पुण्याची. ये आणि बघ."

ह्या तर्कातलं अर्धं खरं होतं. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या इथल्या जोडीदारांना हाताशी धरून हलक्या ट्रकांच्या बाजारात उतरल्या. टोयोटानं डीसीएमला धरलं, माझदानं स्वराजला, निसाननं ऑल्विनला, मित्सुबिशीनं आयशरला. टोयोटाचा कारखाना तर इथंच, सूरजपूरला, आजच्या ग्रेटर नोएडाच्या अंगाला. त्यांच्याशी टक्कर द्यायला टेल्कोनं 1986 मध्ये 407 बाजारात आणली, ती पुण्यातून. सूरजपूरच्या कारखान्यात पुढं देवू आली, मोटारी काढून गेलीसुद्धा. 407 अजून भाज्या वाहते आहे. पण पेठेतला माणूस पिंपरीला पुण्यात धरत नाही आणि पिंपरीचं इंजिन त्याला उपजत कळत नाही, हे मामांना कोण सांगणार? मी तेव्हा दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत फायली हलवत होतो. एका बाबतीत मात्र ते प्रशिक्षण कामी आलं: गळती कुठून होते हे शोधायचं तर सगळ्यात खालच्या ओल्या जागेकडं बघायचं नसतं, सगळ्यात वरच्या ओल्या जागेकडं बघायचं असतं.

उस्ताद नेमकं खाली बघत होते. चेंबरचं पॅकिंग गेलं, हे त्यांचं दुसरं निदान. चेंबर तेलानं माखलेलंच होतं, पण वरून कुठूनही तेल सुटलं तरी ते ओघळत तिथंच येणार, वर पंख्याचा वारा त्याला मागं ढकलणार. सोळा वर्षांचं तेल आणि त्यावर एनसीआरची धूळ असा जो थर बसलेला असतो, त्याखाली इंजिन कुठल्या कंपनीचं आहे हेही दिसत नाही. म्हणून आधी आंघोळ. डिझेल आणि ब्रश घेऊन छोटूनं (प्रत्येक गॅरेजमध्ये एक छोटू असतो, तो पन्नाशीचा असला तरी) इंजिन घासलं, पुसलं, वाळवलं. त्यावर मामींची टाल्कम पावडर भुरभुरली. मामी दारातून म्हणाल्या, "अहो, माझ्यासाठी आणलेली पावडर एवढ्या प्रेमानं तुम्ही मला कधी लावली होती का?" मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. त्याची काही कमतरता नव्हती. मग इंजिन चालू करून आम्ही नुसते बघत बसलो. हा नुसतं बसण्याचा भाग दिल्लीत कुणाला पटत नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "क्या हुआ?" आणि "देख रहे हैं" ह्या उत्तरावर त्याचा विश्वास बसायचा नाही.

थोड्याच वेळात पांढऱ्या पावडरीवर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून एक काळी रेघ उतरू लागली. सावकाश, वळणावळणानं ती थेट चेंबरपर्यंत गेली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, खर्च किरकोळ. उस्ताद म्हणाले, "वही तो मैं कह रहा था."

पाण्याचं प्रकरण मात्र चिवट निघालं. पुठ्ठ्यावर पाण्याचा थेंब नाही, पण रेडिएटर रिकामा. हेड पॅकिंग जळलं असेल तर रेडिएटरात बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ होतं, मागून पांढरा धूर जातो. आम्ही तिन्ही बघितलं. बुडबुडे नाहीत, डिपस्टिकवरचं ऑइल काळंकुट्ट, धूरही नेहमीचाच काळा. उस्ताद जरासे खट्टू झाले.

उरला तापमानाचा काटा. तो कायम हिरव्यात. वाफ निघते आहे, ड्रायव्हर उडी मारून बाहेर पडतो आहे, तरी काटा निवांत. आधीच्या मालकानं गाडी विकताना त्याची वायरच सोडवून ठेवली होती. ड्रायव्हर ताप ओळखायचा तो फळीवर टेकलेल्या डाव्या पायानं, आणि त्याचं रीडिंग चुकलेलं मला आठवत नाही. यंत्राची थोरवी दिल्लीला कळली ती पुढं 2024 मध्ये. 29 मे रोजी मुंगेशपूरच्या केंद्रानं 52.9 अंश दाखवले, देशभर बोंब झाली आणि मागाहून हवामान खात्यानं सांगितलं, की सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. आमच्या ड्रायव्हरचा पाय असता तर एवढं झालं नसतं.

गाडी कुठं तापते, हेही विचारायला हवं होतं आणि ते कुणीच विचारलं नव्हतं. नुसती उभी असताना तापली तर पंखा, बेल्ट, हवा यांच्याकडं बघायचं. पळताना तापली तर बहुधा रेडिएटर तुंबलेला. ही आश्रमलाही तापायची आणि मोकळ्या रस्त्यावरही. रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला तर वरचा भाग चटका देतोय आणि खालचा कोपरा गार. म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हतं.

रेडिएटर उतरवून त्याची टाकी उघडली. आत कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार थरांनी बसलेले, आणि त्या थरांत पिवळा चिखल. ड्रायव्हर खाली मान घालून उभा. बारीक गळती दिसली की रेडिएटरात हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. ती भेगेत जाऊन बसते आणि वेळ भागते. पण ह्यानं ती दर खेपेला टाकली होती. मामांनी चिखल बोटावर घेऊन वास घेतला. "सांगलीची आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मामींच्या डब्यातली हळद कुठं जाते, हा त्या घरातला जुना प्रश्नही त्या दिवशी सुटला.

नळ्यांत सळ्या घालून रेडिएटर साफ झाला, फुटक्या जागी डाग दिला गेला. तरी पाणी कमी होतंच. मग छोटूनं टॉर्च मारली ती पाण्याच्या पंपावर. तिकडे त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. तिच्या बाजूनं क्षारांचा एक पांढरा ओघळ गेला होता. जड पाण्याचा हा एक गुण, ते जाताना पत्ता ठेवून जातं. ह्या पंपाच्या पोटाखाली कारखान्यातूनच एक बारीक भोक पाडलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता ह्या भोकातून ठिबकावं आणि मालकाला कळावं, एवढंच त्याचं काम. आमच्या पंपाला ते भोक सापडेना. नखानं खरवडलं तेव्हा राखाडी एम-सील निघालं, आणि त्यावर ते दाबून बसवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा, रेघांसकट. कुणा कारागिरानं गळणारी जागा बघितली होती आणि मन लावून बुजवली होती. कोंडलेलं पाणी मग बेअरिंग खात बाहेर पडत होतं, पंख्याच्या वाऱ्यानं तापलेल्या इंजिनावर उडत होतं आणि पुठ्ठ्यापर्यंत पोचायच्या आत वाफ होऊन जात होतं.

नवा पंप, नवा बेल्ट, साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट. हेड जिथं होतं तिथंच राहिलं. गाडी आश्रम चौकात तासभर उभी राहिली तरी ड्रायव्हरचा पाय गार.

आणि 2015 च्या एप्रिलमध्ये हरित न्यायाधिकरणाचा आदेश आला: दहा वर्षांवरची डिझेल वाहनं दिल्ली-एनसीआरच्या रस्त्यांवर नकोत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. इथल्या हिवाळ्यात जो श्वास घेतो तो ह्याला विरोध करणार नाही. आमच्या गाडीच्या धुराचं कौतुक मीही करत नाही. पण मामांचं दुःख वेगळं. "बॉनेट न उघडता निकाल दिला," असं ते म्हणत राहिले. 2025 च्या जुलैत दिल्लीतल्या पंपांवर कॅमेरे नंबर वाचून जुन्या गाड्यांना डिझेल-पेट्रोल नाकारू लागले आणि काही दिवसांतच ते पुढं ढकलावं लागलं, तेव्हा निवृत्त मामांना इतका आनंद झाला की त्यांनी मला पुन्हा फोन केला.

407 मात्र तोवर केव्हाच गेली होती. एनओसी घेऊन एनसीआरबाहेर विकायची होती, आणि एनसीआर तर अलवरही पोटात घेऊन बसलेलं. त्याच्याही पलीकडचा गिऱ्हाईक मिळाला. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मामांनी पेंटर बोलावला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, खाली बाण काढून, पिवळ्या रंगात लिहून घेतलं: 'इस छेद को बंद करना मना है.' पंधरवड्यानं नव्या मालकाच्या मिस्त्रीचा फोन आला. छेद सापडत नाही म्हणत होता. सापडला की लगेच बुजवून देतो, काळजी करू नका.