टोक कुणी घासायचं?

कोडोलीतल्या त्या सायकल मिस्त्रींना,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्या वयाला नमस्कार. सप्रेम मात्र लिहवत नाही.

आमच्या आबांनी मागच्या चाकाची एक तार तुटली म्हणून सायकल तुमच्या दारात लावली. जुनी काळी सायकल, पुढं 32 तारा, मागं 40, कारण ओझं मागं असतं. आबांच्या तर कॅरिअरला दोन्ही अंगांना दुधाचे कॅन. तार गेली होती फ्रीव्हीलच्या बाजूची, हबपाशी, बरोबर वाकणात. तिथं नवी तार सरळ जात नाही, फ्रीव्हील आडवं येतं. ते उतरवायचं असतं हे तुम्हाला मी सांगावं?

तुम्ही ते उतरवलं नाही. तार सापासारखी वाकवून भोकात सारली, पाच मिनिटांत पैसे घेतले. ओझं पडलं की ती वाकणं सरळ होतात, तार सैल पडते आणि आपला भार शेजारच्या तारांवर टाकते. मी घरी एकेक तार बोटानं छेडून बघितली. बाकीच्या टण् वाजल्या, तुमची ठक् करून गप्प. चाक आऊट, ब्रेकला घासत होतं.

त्याहून वाईट म्हणजे तार मापापेक्षा लांब होती. तिचं टोक निपलमधून रिमच्या आत वर आलं होतं. त्यावर कानस फिरवायला किती वेळ लागतो हो? चौथ्या दिवशी पहाटे ते टोक पट्टीतून ट्यूबमध्ये घुसलं. सत्तरीचे आबा अंधारात भरल्या कॅनसकट सायकल ढकलत डेअरीवर गेले, तेव्हा संकलन संपलं होतं. दोन्ही वेळचं दूध, म्हशींचं. ते परत आले, कॅन उतरवले आणि काहीच बोलले नाहीत. मला ते बघवलं नाही.

फ्रीव्हील पायडलच्या दाबानं घट्ट होत जातं, जुनं असलं तर वाईसमध्ये धरूनही हलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग तसं सांगायचं होतं. दोन दिवस चाक ठेवून घेतलं असतं तरी आबा थांबले असते.

आबा परवा सकाळी चाक घेऊन येतील. तुमच्याकडंच, कारण दुसरीकडं जायला ते तयार नाहीत. फ्रीव्हील काढा, जुन्या तारेच्या मापाची तार घाला, आऊट काढा आणि टोक घासा. मजुरी सांगाल ती देऊ.