कातडीबचाऊ पोस्टिंग

स्किनची पोस्टिंग लागली की आमच्या बॅचमध्ये सणाचं वातावरण असायचं. मेडिसिनला वॉर्डात उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, सर्जरीला बोलणी खायची, गायनॅकला रात्री जागवायच्या. स्किनला सकाळी जायचं आणि जेवायच्या आत मोकळं व्हायचं. त्वचेच्या डॉक्टरांबद्दलचा विनोद फार जुना आहे: त्यांचा पेशंट मरत नाही, बरा होत नाही आणि रात्री उठवत नाही. त्यात एम.बी.बी.एस.ला त्वचेचा वेगळा पेपरही नाही. मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न येतो, तो सोडून दिला तरी पास होता येतं. त्यामुळे निम्मी बॅच हजेरी लावून चहाला पसार. गंमत म्हणजे पुढे पी.जी.च्या परीक्षेत हीच मंडळी एम.डी. स्किनच्या जागेसाठी रात्रीचा दिवस करतात. ज्या ओपीडीत बसवत नव्हतं, तिथे जन्मभर बसायला मिळावं म्हणून नवस बोलतात.

मी मात्र एकही दिवस दांडी मारली नाही. माझा हेतू निर्मळ आणि स्वार्थी होता. मला मुरूम होते, आणि मुरूम वजा केले तर मी देखणा आहे अशी माझी समजूत होती. हे मत माझं एकट्याचंच होतं, पण ठाम होतं. गॅदरिंगच्या आत चेहरा स्वच्छ करून घ्यायचा, तोही सरकारी खर्चानं, असा बेत होता.

पहिला दणका पाटीनं दिला. आमच्या विषयाचं पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. एका सकाळी एप्रन पिशवीत आणि मी त्या दाराशी, असं दृश्य आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातल्या एका काकांनी पाहिलं. ते आमच्या ससून हॉस्पिटलात कशाला आले होते ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळी आईनं ताट वाढता वाढता विचारलं, ‘तुला आम्हाला काही सांगायचंय का रे?’ वडील पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

दुसरा दणका मी स्वतः ओढवून घेतला. ओपीडी संपल्यावर सरांना गाठून मी हळूच म्हणालो, ‘सर, जरा चेहऱ्याबद्दल विचारायचं होतं.’ सरांचा चेहरा उजळला. ‘वा! बस की.’ त्यांनी मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं (त्वचा उजेडात, शक्यतो दिवसाच्या उजेडात बघायची, हा पहिला धडा) आणि पांगलेली बॅच हाक मारून गोळा केली. आमच्यातल्या एका मुलीच्या हातात भिंग दिलं. मी तिच्याशी बोलायचं दोन वर्षं ठरवत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी मुलगी माझ्याकडे इतका वेळ, इतक्या जवळून टक लावून बघत होती. ‘कॉमेडोन्स आहेत, ओपन आणि क्लोज्ड दोन्ही. पॅप्यूल्स. पश्च्यूल्स. डाव्या गालावर एक नोड्यूल,’ ती मोठ्यानं वाचत होती. मग अत्यानंदानं, ‘सर, स्कारिंगसुद्धा आहे!’

‘हिस्टरी घे. काय काय लावतो विचार.’

मी यादी दिली: मुलतानी माती, उगाळलेलं चंदन, लिंबू, रात्री टूथपेस्ट आणि अर्थातच कैलास जीवन. मराठी घरात कैलास जीवन लावल्याशिवाय कुठलाही रोग अधिकृत होत नाही. सरांनी ते सगळं बंद करून बेंझॉईल पेरॉक्साईड लिहून दिलं. दोन महिने धीर धर, फोडू नकोस आणि आरशात कमी बघ, असंही सांगितलं. त्या औषधानं कापडाचा रंग उडतो हे मात्र मला आईच्या लाल टॉवेलवरून समजलं. गॅदरिंग मुरमांसकट पार पडलं.

चेहरा सुधारला नाही, पण डोळा तयार झाला, आणि मला नवा माज चढला. बघताक्षणी निदान! पी.एम.टी.त पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेवर शिबं दिसली की मी मनातल्या मनात औषध लिहून मोकळा. मंडईत भाजीवालीच्या गालावर वांग, कंडक्टरच्या डोक्यात चाई, बँकेतल्या कॅशियरच्या कोपरांवर सोरायसिस. लग्नात लोक नवरीचे दागिने बघत, मी नवरदेवाची मान. काळसर, जाडसर, मखमली मान दिसली की पुढे मधुमेहाचा धोका. एकदा अक्षता टाकता टाकता हे मी शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या नवरदेवाच्या मावशी निघाल्या.

इथे मला नागिणीबद्दल बोलायचंय. ओघात तिची तशी गरज नाही, पण माझा तिच्यावर जीव आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मणक्यालगत नसांच्या गाठी असतात, त्यातल्या एखाद्या गाठीत तो पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखा ठिय्या देऊन बसतो. वीस, चाळीस, साठ वर्षं हूं की चूं नाही. मग वय झालं किंवा अंगातली ताकद कमी झाली की तो त्या एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो, आणि छातीला किंवा कमरेला फोडांचा अर्धा पट्टा उठतो. अर्धाच, कारण उजवीकडची नस उजवीकडे आणि डावीकडची डावीकडे. पट्टा शरीराच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो.

आता आपल्याकडची समजूत अशी की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस दगावतो. म्हणून ती उतरवणाऱ्याकडे जायचं. तो मंत्र म्हणतो, गेरूनं वाट अडवतो, आणि खरोखरच तोंड शेपटाला मिळत नाही! दर वेळी! माणूस वाचतो! यशाची इतकी खात्री असलेली दुसरी वैद्यकशाखा मी पाहिलेली नाही. आमच्याकडे पेशंट यायचे ते गेरूनं रंगून किंवा दूर्वा आणि तांदळाच्या लेपानं लिंपून. निदान करायच्या आधी ओपीडीतल्या मावशींना सांगून पेशंट धुवून घ्यावा लागे. नागिणीची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू केली तर खरा उपयोग. ते तीन दिवस गेरूत गेलेले असत. सर उतरवणाऱ्यांवर कधी चिडले नाहीत. ‘त्यांच्याकडे पेशंट वेळेवर जातो, आपल्याकडे येत नाही. शिका काहीतरी,’ म्हणायचे. फोड वाळल्यावरही काहींची आग महिनोन् महिने जात नाही, अंगावर पदर टेकलेला सोसत नाही. त्या आगीवर मंत्र नसतो, तेव्हा माणसं आमच्याकडे येत. शिवण्याच्या एका आजींनी बॅचला विचारलं होतं, ‘आणि दोन्हीकडून निघाली तर?’ आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सर म्हणाले, ‘मग आजी, त्या दोन नागिणी.’ आजींचं समाधान झालं. दवाखाना थाटताना मी गेरूचा डबा ठेवावा का यावर गंभीरपणे विचार केला होता. अजूनही करतो.

कारण दवाखान्यात हल्ली ज्या गोष्टीशी माझी गाठ पडते, तिच्यापुढे गेरू निरुपद्रवी आहे. ती म्हणजे ट्यूब. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकाच मलमात. जांघेत गजकर्ण आलं की दुकानात जाऊन ‘ती ट्यूब द्या’ म्हणायचं. दोन दिवसांत खाज बंद. स्टिरॉइडनं अंगाची प्रतिकारशक्ती तिथल्या तिथे झोपवलेली असते, बुरशी मात्र जागीच असते आणि निवांत पसरते. मग तीच ट्यूब नवऱ्याला, सासूला, पोराला. २०१८ साली सरकारनं स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. चिठ्ठी अजून कुणी मागत नाही. आपल्याकडच्या एका हट्टी बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. देशाचं नाव शास्त्राच्या ग्रंथात अजरामर झालं, तेही जांघेतून.

इथपर्यंत मी हसू शकतो. पण तीच ट्यूब तोंडाला लावतात, गोरं व्हायला. पहिले काही दिवस खरंच उजळ दिसतं. मग कातडी पातळ होते, लाल होते, गालांवर लव आणि पुटकुळ्या येतात. बंद केली की आग आग होते, म्हणून पुन्हा लावायची. मध्यंतरी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी इंजिनीअर, रंगानं सावळी, कातडी निरोगी, माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. ‘हिचा रंग जरा उजळेल असं द्या काहीतरी, रविवारी बघायला येणारेत.’ मुलगी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. मी म्हणालो, हिला काहीही झालेलं नाही. आई म्हणाली, ‘ते आम्हाला माहितीय हो डॉक्टर, पण रविवारपर्यंत...’ माझं स्वतःचं लग्न जमलं तेव्हा गालावरच्या खड्ड्यांबद्दल मुलीकडच्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मुलगा डॉक्टर होता ना.

आमचे सर या बाबतीत फटकळ होते. रंग उजळायला आलेल्यांना ‘इथे रंगकाम होत नाही’ असं सांगून वाटेला लावत. सर्जरीवाल्यांशी त्यांचं कायमचं वाकडं. ससूनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येकाला ही कथा तोंडपाठ असते: जानेवारी १९२४, येरवड्याच्या तुरुंगातून आणलेले गांधीजी, अपेंडिक्सचं ऑपरेशन, मध्येच गेलेली वीज, कंदिलाच्या उजेडात काम पुरं करणारे कर्नल मॅडॉक. सर्जरीची पोरं ही कथा आपण स्वतः कंदील धरल्याच्या थाटात सांगत. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘पुढे सेवाग्रामला परचुरेशास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा धुवायला, मालिश करायला कोण बसत होतं? गांधीजीच ना? मग ते आमच्या डिपार्टमेंटचे.’

त्या डिपार्टमेंटचं काम काय असतं ते मी मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांमुळे पाहिलं. दंडावर फिकट चट्टा, करंगळी किंचित वाकलेली, तक्रार एवढीच की पोतं उचलताना पकड सुटते. मी लांबूनच निदान केलं होतं आणि मान डोलवत उभा होतो, दोन्ही हात एप्रनच्या खिशात. सरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. ‘कापूस लागला की बोट ठेवून दाखवा.’ सरांनी कापसाचं टोक चट्ट्यावर टेकवलं. मग जरा सरकून पुन्हा. मग पुन्हा. ते गृहस्थ डोळे मिटून नम्रपणे वाट बघत होते. शेवटी म्हणाले, ‘करा की साहेब सुरू.’

बॅचमध्ये कुणी बोललं नाही.

सरांनी त्यांचा कोपर वाकवला आणि माझा हात खिशातून अक्षरशः ओढून काढून कोपरामागच्या खाचेत ठेवला. बोटाखाली जाड, कडक नस सरकली. मी स्वतःचा कोपर चाचपून पाहिला, तर माझी नस सापडायलाच वेळ लागला. त्यांच्या बोटांवर जुने डाग होते. हे कसले, असं सरांनी विचारलं तर ते खुलले. उकळत्या चहाचा ग्लास त्यांच्याइतका वेळ यार्डात कुणी धरू शकत नाही, पोरं पैजा लावतात आणि ते कधी हरलेले नाहीत. हे सांगताना त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

सरांनी रोगाचं नाव सांगितलं, स्पष्ट आणि नेहमीच्या आवाजात. बरा होतो, औषध फुकट आहे, सुरू केलं की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला होणार नाही. त्या गृहस्थांनी एकच विचारलं, बायकोला सांगू का. ‘घेऊनच या, त्यांनाही तपासू,’ सर म्हणाले. तीन औषधांचा तो उपचार जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली ठरवून दिला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मात्र आपल्या विवाह कायद्यात २०१९ पर्यंत शाबूत होतं. गोळ्यांनी जंतू मरतात, कायदा त्यानंतर अडतीस वर्षं जगला.

त्या काळी हा कोर्स दोन वर्षांचा असायचा, पुढे तो वर्षावर आला. मी इंटर्न म्हणून परत स्किनला गेलो तेव्हा ते गृहस्थ समोर उभे. बायको शेजारी. गोळ्या संपलेल्या, चट्टा विरलेला, करंगळी होती तशीच. आणि चेहरा काळाकुट्ट, कारण त्या तीन औषधांतलं क्लोफॅझिमिन कातडीचा रंग बदलतं. ‘साहेब, रोग गेला, तुमचे उपकार. पण हे तोंड बघा. पंधरा दिवसांवर पोरीचं लग्न आलंय, फोटोत कसा दिसू? उजळायला काही द्या.’

मी मनातल्या मनात ‘इथे रंगकाम होत नाही’ची वाट बघत राहिलो. सर उठले, त्यांना खिडकीशी नेलं, हनुवटीला धरून चेहरा उजेडात दोन्ही बाजूंना वळवून नीट पाहिला. ‘हा रंग जाईल. पण सहा महिने, वर्ष लागेल, पंधरा दिवसांत नाही. फेटा कुठल्या रंगाचा घेतलाय?’

‘गुलाबी.’

‘गुलाबी नको. तुम्हाला मोरपंखी शोभेल. लिही रे.’

मी केसपेपर ओढून लिहायला घेतलं. तेवढ्यात बायको हळूच म्हणाल्या, ‘पण मोरपंखी मुलाकडच्यांनी ठरवलाय.’

‘मग त्यांना बदलायला सांगा,’ सर म्हणाले, ‘ससूनच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणावं.’