दक्षिणदिग्विजय आणि हुलगे

चेन्नईत आमच्याकडे राहायला आल्यापासून अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच धोशा लावला होता : जिंजी. १६७७ साली शिवाजी महाराजांनी घेतलेला, पुढे राजाराम महाराजांना आसरा देणारा, मुघल सरदार झुल्फिकारखानाला १६९८पर्यंत झुलवत ठेवणारा किल्ला हाकेच्या अंतरावर, आणि जावई रविवारी लोळतो! मी लोळतो हे खरं आहे. त्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही.

शेवटी अप्पा, बायको, माझी आई आणि मी असे गाडीने निघालो. तांबरम, चेंगलपट्टू, तिंडिवनम असं सुरळीत पार पडलं. आधी मंडगपट्टूचं पल्लव लेणं, मग जिंजी असा बेत. हमरस्ता सोडून आत वळलो तर डांबरावर हुलग्याची वाळलेली झाडं अंथरलेली. इकडे ही पद्धतच आहे : गाड्या वरून जातात, मळणी फुकटात होते. मी ऐटीत गाडी घातली. थोड्याच वेळात खालून करपल्याचा वास आला.

"क्लच," मी जाणकारासारखा म्हणालो. मला गाडीतलं तेवढंच ठाऊक आहे.

वाकून पाहतो तर पुढच्या चाकांच्या आतल्या दांड्याला काडांचा पीळ बसलेला, आणि त्यातून धूर! "उतरा!" म्हणून मी ओरडलो आणि सर्वांत आधी स्वतः उतरलो. बायकोने याची नोंद घेतली. अप्पा डबा घेऊन उतरले. मी पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या. निम्म्या स्वतःच्या बुटांवर.

शेजारच्या शेतातून एक आजीबाई विळा घेऊन आल्या. माझ्या तमिळकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, गाडीखाली आडव्या झाल्या आणि करकरा काड कापायला लागल्या. वर तोंडाचा पट्टा चालूच. मी पैसे पुढे केले तर हात झटकला. त्यांना वेगळीच भरपाई हवी होती : काड पातळ पसरून दिलं आणि मला त्यावरून गाडी मागेपुढे, मागेपुढे करायला लावली. शेंगा तडतड फुटत होत्या.

"लग्नानंतर पहिलंच उपयोगी काम," बायको म्हणाली.

आई कुठे दिसेना. पाहतो तर आजीबाईंच्या शेजारी उकिडवी बसून हुलगे पाखडत होती. माणदेशातलं शेत विकून तिला फ्लॅटवर आणलं तेव्हापासून तिच्या हातात सूप मी पाहिलं नव्हतं. आणि गुडघे? लिफ्ट बंद पडली की रडणारे तेच गुडघे. मी "चल" म्हणालो तर म्हणाली, "थांब की रं, एवढं होऊ दे." कोणीच घाई केली नाही.

मंडगपट्टूला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. विटा, लाकूड, धातू, चुना यांतलं काही न वापरता हे देऊळ केलं, असं पल्लव राजा महेंद्रवर्म्याने तिथल्या शिलालेखात कोरून ठेवलंय. म्हणून ते सातव्या शतकापासून उभं आहे. माझ्या गाडीत धातू आहे, शिवाय हप्ते आहेत. ती गवताला हरली. दोन द्वारपाल झकास, आतले कोनाडे रिकामे.

जिंजीला तिकीट खिडकी बंद. अप्पांनी रस्त्यावरूनच किल्ल्याच्या राजगिरी टेकडीला मुजरा घातला आणि पहारेकऱ्याला मराठीत वेढ्याचा इतिहास सांगायला घेतला. इतिहास अजून १६९०पर्यंतही आला नव्हता, तेवढ्यात पुन्हा कसलासा वास आला.

"क्लच," अप्पा म्हणाले.