सोबत कोण?

पहिल्याच तासाला मॅडमनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न दोनच. तुम्ही रोज किती तास मोबाईल बघता? आणि तुमच्या शेजारी बसलेली व्यक्ती किती तास बघत असेल? नाव घालायचं नाही. मी स्वतःपुढे दोन लिहिले. शेजारची मुलगी त्या वेळी बाकाखाली कुणाला तरी मेसेज करत होती. तिच्यापुढे सात लिहिले. मॅडमनी फळ्यावरच हिशोब केला. वर्गाची स्वतःबद्दलची सरासरी अडीच तास निघाली, शेजाऱ्याबद्दलची सहा. "बरं," मॅडम म्हणाल्या, "हे सहा तासवाले शेजारी आज सगळेच गैरहजर का?"

या दुखण्याला नाव आहे. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ साली त्याला 'थर्ड पर्सन इफेक्ट' म्हटलं. माध्यमांचा परिणाम होतो तो दुसऱ्यांवर, आपण मात्र पूर्ण शुद्धीवर असतो, अशी प्रत्येकाची समजूत. माझी आई हे एकही शोधनिबंध न लिहिता वर्षानुवर्षं सांगत आली आहे. तिच्या मते सिरियल बघून बिघडल्या त्या धाकट्या जाऊबाई. ती स्वतः फक्त 'पुढे काय होतं एवढंच' बघते. रोज. साडेसात ते दहा.

मग असाइनमेंट मिळाली: सात दिवसांची माध्यम-रोजनिशी. रकाने पाच. वेळ, माध्यम, काय पाहिलं, कशासाठी, सोबत कोण. शिवाय दोन समवयस्कांच्या रोजनिश्या घेऊन आपल्याशी तुलना. समवयस्क शोधायला मला खोलीबाहेर पडावं लागलं नाही. नारायण पेठेत आम्ही कॉट बेसिसवर राहतो. तीन कॉट, एक खिडकी, एक प्लग-पॉइंट आणि त्याला लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड, ज्यावरून आमच्यात आजवर सगळ्यात जास्त भांडणं झाली आहेत. मधल्या कॉटवर मी. खिडकीशी एमपीएससीवाले दादा, वय एकोणतीस. त्यांना समवयस्क म्हणताना मला संकोच वाटला आणि त्यांना आनंद. दाराशी इंजिनिअर. तो अजून इंजिनिअर झालेला नाही, चार विषय राहिलेत, पण काकूंनी पहिल्या दिवशीच त्याला तशी हाक मारली.

दादांनी आधी नकारच दिला. "मी मीडिया वापरतच नाही रे. काय लिहू?" हे म्हणताना त्यांनी पुरावा म्हणून बटणांचा फोन वर केला. पूर्वपरीक्षा होईपर्यंत स्मार्टफोन हातात धरायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. टॅब वेगळा. टॅब अभ्यासाचा.

काकू वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचा पेपर दुपारी चारला जिन्यावरून आमच्याकडे येतो. तोवर शब्दकोडं बॉलपेनने सुटलेलं असतं आणि पाककृती कात्रीने गेलेली असते. मंगळवारी उपवासाचं थालीपीठ कापलं गेलं. पाठीमागच्या पानावर खडकवासला साखळीतल्या पाणीसाठ्याची बातमी होती. साठा नेमका किती टक्के, ते थालीपिठाबरोबर वर गेलं. मी त्या चौकोनी भोकातून बराच वेळ इंजिनिअरकडे बघत होतो. 'काय पाहिलं' या रकान्यात हे कसं लिहायचं, कळेना.

वाचनाची आमच्या भागाला मोठी परंपरा आहे. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चा वाडा खोलीपासून पाच मिनिटांवर. त्याच्यासमोरून मी रोज मान खाली घालून जातो. आदराने नव्हे, हातात फोन असतो.

तर रोजनिशी. सोमवारी मी 'संपादकीय वाचन, चाळीस मिनिटं' अशी नोंद केली. खोटं नव्हतं. मॅडम वाचणार म्हणून खरोखरच वाचलं, आणि घड्याळ लावून वाचलं. बुधवारपर्यंत माझी वही इतकी सुसंस्कृत झाली होती की ती आजोबांना दाखवता आली असती. मग इंजिनिअर म्हणाला, "लेका, फोनला विचार की." अँड्रॉइड फोनांत २०१८ पासून डिजिटल वेलबीइंग नावाचा एक चित्रगुप्त बसवलेला आहे. बुधवारची माझी वही सांगत होती दोन तास वीस मिनिटं. चित्रगुप्ताकडे निघाले सहा तास चौदा मिनिटं. आणि दिवसात फोन उघडला १४३ वेळा. जपमाळेत मणी १०८. म्हणजे एक पूर्ण माळ ओढून वर पस्तीस, आणि तेही कुठल्याच देवाचं नाव न घेता.

'कशासाठी' हा रकाना खरा जीवघेणा. प्रामाणिकपणे लिहायला घेतलं तेव्हा त्यात सगळ्यात जास्त वेळा आलं 'किती वाजले ते बघायला'. एका संध्याकाळी मी अकरा वेळा वेळ बघायला फोन उचलला आणि अकराही वेळा किती वाजले ते न कळता खाली ठेवला.

बाकी दोघांच्या वह्यांत वेगळेच पेच. दादा लेक्चर दोनच्या वेगाने ऐकतात. तासाभराचं लेक्चर अर्ध्या तासात संपतं. मग अर्धा तास लिहायचा की एक? मॅडम म्हणाल्या, घड्याळातला वेळ लिहा. दादा दुखावले. "मग माझा अभ्यास निम्माच दिसतो की." या वेगाची त्यांना इतकी सवय झालीय की आईचा फोन आला की ते कासावीस होतात. ती बिचारी पाऊस, म्हैस, मामांचा गुडघा असं एकेक सावकाश सांगत असते आणि दादांचा अंगठा हवेत वेगाचं बटण शोधत असतो.

इंजिनिअरच्या गुरुवारची बेरीज सत्तावीस तास आली. झोप सहा, कॉलेज सात, यूट्यूब आठ, गेम तीन, इन्स्टाग्राम तीन. आम्ही दोनदा मोजलं. यूट्यूबच्या आठांपैकी चार तास तो झोपला होता आणि इन्स्टाग्रामचे तीनही कॉलेजच्या सातांत बसत होते. मला ही लबाडी वाटली, पण मॅडमनी सांगितलं की सगळ्या जगाचं असंच आहे. कैसर फॅमिली फाउंडेशनने २०१० साली अमेरिकेतल्या ८ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी छापली. मुलं रोज सरासरी ७ तास ३८ मिनिटं माध्यमांपुढे होती, पण दोन-दोन गोष्टी एकदम चालू असल्यामुळे तेवढ्यात त्यांनी १० तास ४५ मिनिटांचा ऐवज बसवला होता. आणि तेव्हा रील्स नव्हत्या. आपल्याकडे त्या २०२० च्या जुलैत आल्या, टिकटॉकवर बंदी आल्यावर दहा दिवसांच्या आत. इंजिनिअरला हे सांगितलं, तर त्याने कॉलर ताठ केली.

आता गुरुवारच्याच रात्रीची नोंद. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी अलार्म लावायला फोन उचलला. समोर एक गालिचा आला. कुठल्या तरी परदेशी गोडाऊनमध्ये एक माणूस चिखलाने काळा पडलेला गालिचा धूत होता. आधी पाण्याचा फवारा, मग साबण, मग गोल फिरणारा ब्रश, मग रबरी पट्टीने ओढलेलं कॉफीच्या रंगाचं पाणी. पुन्हा साबण. रंग कोणता निघतोय ते कळल्याशिवाय उठणं अशक्य. मी ज्या सतरंजीवर बसून हे बघत होतो, ती गणपतीपासून धुतलेली नाही. मध्येच मी ती रील इंजिनिअरला पाठवली. तो तीन फुटांवर होता. तिकडून हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आलं. चेहरा मात्र तिकडे हसत नव्हता; मी बघितलं. सव्वाबाराला मी वही ओढली आणि लिहिलं. माध्यम: इन्स्टाग्राम. काय पाहिलं: गालिचा. कशासाठी: अलार्म. सोबत कोण: एकटा.

अलार्म लागला नाहीच. सकाळी नऊला चहाच्या टपरीवर इंजिनिअर म्हणाला, "पण शेवटी हिरवा निघाला यार. मला वाटलेलं लाल."

"हिरवा कुठला," दादा कटिंगचा घोट घेऊन म्हणाले, "निळा. कडेला पिवळी वेल होती."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. दादांनी आधी ग्लासाकडे पाहिलं, मग बटणांच्या फोनकडे. "टॅबवर आपोआप लागतं ते," ते म्हणाले. "चालू घडामोडीच्या मध्ये."

त्या दिवशी त्यांनी वहीत प्रथमच शाईने लिहिलं. आठवड्याअखेर त्यांची बेरीज माझ्यापेक्षा चाळीस मिनिटांनी जास्त भरली. पूर्वपरीक्षेला पंधरा दिवस उरलेत. टॅब आता माझ्या कपाटात कुलपात आहे, आणि किल्ली कुठे आहे हे त्यांना सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. रोज रात्री ते नुसतं विचारतात, चार्जिंग किती आहे त्याचं?

असाइनमेंट परत मिळाली. मला दहापैकी सहा. गुरुवारच्या 'एकटा'भोवती मॅडमनी लाल गोल करून पुढे लिहिलंय, 'खोलीत तिघे होतात ना?' शेजारच्या मुलीने सातही दिवस कॅन्टीनमध्ये एका बैठकीत लिहिले, तीन रंगांची पेनं आलटून पालटून. तिच्या वहीत रोजचा मोबाईल दीड तास आहे, झोप आठ तास, आणि संपादकीय एकही दिवस चुकलेलं नाही. तिला नऊ मिळाले.