आधी उतार, मग चढ

बालाघाट ही सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे निघालेली डोंगररांग. धाराशिव जिल्हा बराचसा तिच्या माथ्यावरच वसला आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचले, ओढ्यानाल्यांनी कडा कोरल्या आणि माथा मात्र सपाट राहिला. त्यामुळे शिखर म्हणून जिथे पोहोचावे तिथे सोयाबीन उभे असते. जिल्ह्याचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे धाराशिवच्या बसस्थानकात उतरलेल्या प्रवाशाने बूट न बांधताच शिखर सर केलेले असते. डोंगर पाहायचा तर त्याला खाली उतरावे लागते. चढ परतीच्या वेळी लागतो, पाय दुखू लागल्यावर.

स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी केली आणि लोक ती पुरी करण्यात आयुष्य घालवू लागले. त्या यादीच्या उंबरठ्यापाशी पोहोचेल असे बालाघाटाच्या या भागात काहीच नाही. इथली यादी देवस्थानांची आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती पुरी करणाऱ्याला कोणी गिर्यारोहक म्हणत नाही. सोलापूर–धुळे महामार्गालगत ही बहुतेक ठिकाणे येतात. दुर्गमता पाहिजेच असेल त्याने महामार्ग सोडून माळाने चालावे. अंतर विचारल्यावर मेंढक्याकडून ‘ह्ये काय, हितंच की’ असे उत्तर येते. हे उत्तर अर्ध्या कोसालाही लागू पडते आणि चार कोसांनाही.

उत्तरेकडून निघाल्यास पहिली येरमाळ्याची येडेश्वरी. ही टेकडीवर आहे आणि पायऱ्या सरळ वर जातात, त्यामुळे नवख्याचा उगीच गैरसमज होतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखीच टेकडीवरून खाली आमराईत येते आणि भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. चैत्रातले मराठवाड्याचे ऊन लक्षात घेता, वाकून खडे वेचणाऱ्या गर्दीपुढे दोरखंड लावून कडे चढणारे फार आरामात असतात असे म्हणावे लागेल.

पुढे येडशी आणि रामलिंग. अभयारण्याच्या झाडीत पायऱ्या उतरत दरीत जायचे, तिथे महादेव. रावणाशी झुंजलेल्या जटायूला इथे रामाने बाण मारून पाणी काढून दिले, अशी कथा आहे. पावसाळ्यात धबधबाही कोसळतो. खरी कसोटी मात्र वानरांची. वानर पिशवी हिसकत नाही, आधी शेजारी येऊन बसते. माणूस मोबाइल काढतो, तेवढ्यात पिशवीची गाठ सुटते, खोबरे बाहेर येते, कापराची पुडी हुंगून बाजूला टाकली जाते आणि उदबत्ती मोडून परत दिली जाते. यानंतर रिकाम्या हाताने चढायला मिळते, ही सोयच.

धाराशिवची लेणी शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर. ती बौद्ध की जैन, यावर विद्वान आपापल्या खुर्चीत बसून झगडले. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात राजा करकंड तेरजवळची लेणी पाहायला येतो, म्हणजे पर्यटनाला इथे निदान नऊशे वर्षांची परंपरा आहे. मोठ्या लेण्यात चौफेर खोल्या आणि आत ध्यानस्थ मूर्ती. बाहेरच्या कातळावर सर्वांत निर्धास्त फिरते ती शेळी. तिला ना काठी लागते, ना नकाशा, ना तळव्याला रबर. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, ती मात्र पशुवैद्यकाच्या पुस्तकात अजून उस्मानाबादीच आहे. तिच्या मागे जाऊ नये. ती जाते तिथे वाट असतेच असे नाही, आणि असली तरी कुसळांनी मोजे भरतात ते माणसाचे.

शेवटी तुळजापूर. यमुनाचल डोंगरावरची भवानी, आणि महाद्वारातून आत शिरताच पायऱ्या खाली! कल्लोळ, गोमुख अशी तीर्थे करत गाभाऱ्याशी पोहोचेपर्यंत माणूस डोंगरावर आहे हे विसरतो. जवळच घाटशीळ आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने या शिळेवर उभे राहून लंकेची दिशा दाखवली, असे सांगतात. एवढ्या लांबची वाट अचूक सांगणारे या भागात नंतर कोणी झालेले दिसत नाही.

बालाघाट नीट, म्हणजे पायथ्याकडून वर, चढणारेही आहेत. कोजागरीला सोलापुरातून लाखो लोक रात्रभर चालत तुळजापूरला येतात, अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. काही अनवाणी, बरेचसे साध्या चपलेत, कडेवर लेकरू. वाटेत चहा, केळी, खिचडी फुकट वाटली जाते आणि नको म्हटले तर वाढणाऱ्याला राग येतो. तुळजापूरचा घाट अगदी शेवटी लागतो, पोट भरलेले असताना.