एकट्या प्रवाशाविषयी लॉजमालकांस माहितीवजा खुले पत्र

प्रति,
महामार्गालगतचे समस्त लॉजमालक,
पाली व पंचक्रोशी, जिल्हा रत्नागिरी.

विषय: एकटा प्रवासी – ओळख, वावर व निरुपद्रवीपणा.

महोदय,

एकटा प्रवासी म्हणजे पाठीवर सॅक, खिशात आधार कार्ड आणि खोलीचे पूर्ण भाडे आगाऊ मोजायची तयारी असलेला सज्ञान मनुष्य. पालीच्या तिठ्यावर तो उतरतो याचे कारण भूगोलात आहे. गोव्याकडे जाणारा आणि आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणारा, असे दोन्ही रस्ते येथे फुटतात आणि रत्नागिरी जेमतेम वीस किलोमीटरवर राहते. सकाळी लक्ष्मीपल्लीनाथाचे दर्शन घ्यावे आणि पहिल्या एसटीने शहर गाठावे, एवढाच त्याचा बेत असतो.

या बेतातल्या किरकोळ अडचणी अशा. महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे चालूच आहे. रिक्षावाला चौघांचे भाडे एकाकडून घेतो. खानावळीत एकट्याला पंख्यापासून सर्वांत लांबचे टेबल मिळते. यांतले सारे सोसण्याजोगे आहे. सोसण्याजोगा नाही तो लॉजचा गल्ला.

गल्ल्यावरची कार्यपद्धती ठरलेली आहे. अलीकडेच एका लॉजात रात्री नऊच्या सुमारास ती यथासांग पार पडली. किल्ल्यांच्या फळीवर निम्म्याहून अधिक किल्ल्या लटकत होत्या. प्रश्न आला, "किती जण?" उत्तर गेले, "एकच." मग मालकांनी टीव्हीवरची नजर न काढता निकाल दिला, "एकट्याला रूम नाय देत. फॅमिली असेल तर बघू." कारण विचारल्यावर "वरून ऑर्डर आहे" असे कळले. वर गच्ची होती. प्रवासी बाई असेल तर याला पुरवणी प्रश्नपत्रिका जोडली जाते: मिस्टर कुठे आहेत, घरी माहीत आहे का, इकडे नक्की काम काय? मीना प्रभु यांची प्रवासवर्णने कपाटात मानाने ठेवणाऱ्या महाराष्ट्रात एकट्या बाईने रोम पाहिलेले चालते. पालीत रात्र काढलेली चालत नाही.

आता जे शहर पाहायला हा प्रवासी निघाला, त्याचा इतिहास. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेहून पदच्युत करून हलवले आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याला येथे राहायचे नव्हते. तरी तो 1916 मध्ये मरेपर्यंत, तब्बल तीस वर्षे, येथेच राहिला आणि त्याच्यासाठी खाडीकडे तोंड करून राजवाडाही बांधून झाला. विनायक दामोदर सावरकर यांना 1924 मध्ये जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर येथे ठेवले गेले. ती अट 1937 मध्ये उठली. दरम्यान 1931 मध्ये भागोजी कीर यांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले. ज्यांना जायचे होते त्यांना या जिल्ह्याने दशकानुदशके सोडले नाही, आणि ज्याला पैसे मोजून एक रात्र राहायचे आहे त्याला तो उंबऱ्याच्या आत घेत नाही. थिबा राणी सुपयालत आणि मुलींसह आला होता, म्हणजे तो 'फॅमिली'त बसला, हे मात्र मान्य करावे लागते.

युरोपातल्या जुन्या शहरांत एकट्याची लूट होते, हकालपट्टी होत नाही. रिशार्ड शिर्मान या जर्मन शिक्षकाला 1909 मध्ये भटक्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त निवाऱ्याची कल्पना सुचली. पुढे आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात असे वसतिगृह उघडले. तेथून खोलीऐवजी खाट भाड्याने देण्याची रीत जगभर पसरली. खाट एकट्याचीच असते.

पैसे, ओळखपत्र आणि रिकामी खोली हजर असताना माणसाला अंधारात हायवेवर उभे करणे हा नियम नव्हे, निर्लज्जपणा आहे. दुसरा शब्द नाही.

तरीही या नियमामागे एक भीती आहे आणि ती खोटी नाही. एकटा आलेला पाहुणा सकाळी दार उघडत नाही, मग पोलीस, पंचनामा, जबाब, ठाण्याच्या खेपा, आणि त्या खोलीला पुढे कित्येक महिने गिऱ्हाईक नाही. दार पहिल्यांदा ढकलणारा बहुधा विशीतला रूमबॉय असतो. जे दिसले ते कोणाशी बोलावे, हे त्याला कोणी सांगत नाही. मालक टीव्हीवरून नजर काढत नाही, कारण चेहरा पाहिला की नाही म्हणणे जड जाते.

पण जिवावर उदार झालेला माणूस बाहेर काढल्याने वाचत नाही, आणि बाकीचे सगळे फुकट भरडले जातात. उपाय स्वस्त आहेत. ओळखपत्राची प्रत ठेवावी. घरचा फोन नंबर रजिस्टरात लिहून घ्यावा आणि वाटल्यास समोरच लावून पाहावा. रात्री जेवलात का विचारावे. सकाळी सात वाजता चहा घेऊन दार वाजवावे. चहाचे पैसे बिलात लावावेत, हरकत नाही.

इतके करूनही खोली द्यायची नसेल, तर तसे बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे प्रवासी तिठ्यावर उतरणारच नाही.

कळावे.

आपला,
एक इसम, सोबत कोणी नाही