गाऱ्हाण्यातला अर्धा र

आमच्या सोसायटीच्या स्नेहभोजनाचे ५००० रुपये दुसऱ्या मजल्यावर अडकले आहेत. चिटणिसांनी नोटीस काढली होती : ‘स्नेहभोजनासाठी आचार्यांना आगाऊ रक्कम रु. ५००० देण्यात यावी.’ त्यांच्या मनात आचारी होता. पण दुसऱ्या मजल्यावर संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहतात आणि अख्खी इमारत त्यांना आचार्य म्हणते. आमचे खजिनदार कागदावरच्या काना-मात्रेबाहेर पाऊल न टाकणारे. ते नोटा मोजून वर गेले आणि व्हाउचरवर सही घेऊन खाली आले. ‘हे कशाबद्दल?’ असं आचार्यांनी विचारलं म्हणे. ‘स्नेहभोजनाबद्दल,’ खजिनदार म्हणाले. ‘अरे, मी तसाही येणारच होतो,’ असं म्हणून आचार्यांनी पाकीट पंचांगात ठेवलं.

आगाऊ रक्कम न मिळाल्यामुळे खरा आचारी फिरकलाच नाही.

आता यात गुन्हेगार शोधायचा तर सापडत नाही. चिटणीस मराठी लिहितात ते इंग्रजी कळांवर, उच्चाराप्रमाणे. आपण सगळेच तसं लिहितो. आर आणि वाय लागोपाठ दाबले की संगणक इमानदारीत ‘र्य’ देतो. कार्य, सूर्य, आर्य, आचार्य. स्वयंपाक्याचा र वेगळा असतो, तो रफार होऊन डोक्यावर चढत नाही, पापणीसारखा य-च्या अंगाला बिलगून बसतो, हे संगणकाला कुणी सांगायचं? चिटणिसांनी पडद्याकडे पाहिलं, र दिसला, य दिसला, त्यांनी छापलं.

हे कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर घडलं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर उरलेल्या दोन सिस्टिमचे भक्त माझ्या दारात पेढे घेऊन येतील. पेढे मला चालतात. त्यांच्याबरोबर जे भाषण येतं ते पचत नाही.

तरी चौकशीच्या सभेत ते आलेच. हे तिघे तुमच्याही इमारतीत आहेत, तेव्हा ओळख करून देत नाही. विंडोजवाले काका म्हणाले, ‘सोपं म्हणजे काय, तर जे सगळ्यांकडे असतं ते.’ या न्यायाने सर्दी सोपी. पण काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांचा संगणक अडला की जिन्यात कुणालाही थांबवून विचारता येतं आणि तो कुणीही ‘बंद करून चालू करा’ असं सांगू शकतो. पाचव्या मजल्यावरचा मॅकवाला जावई म्हणाला, ‘मला तर कधी काही करावंच लागत नाही.’ हे आम्ही पाहिलंय. गेल्या गणपतीत त्याला वर्गणीची यादी छापून आणायला सांगितली होती, तेव्हा त्याने यादीचा फोटो काढून आम्हालाच पाठवला. तिसरा माझा सख्खा भाचा. तो लिनक्सवाला. ‘मामा, दोन मिनिटं,’ एवढंच म्हणतो. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या संध्याकाळी या दोन मिनिटांत गेल्या.

मी म्हटलं, भांडू नका. तिघांनी आपापलं यंत्र आणा आणि ‘आचाऱ्यांना’ हा एक शब्द लिहून दाखवा. ज्याचा आधी होईल त्याची सिस्टिम सोपी.

काकांनी लिहिलं, आचार्यांना. मग दोनदा आर दाबून पाहिला, आचार्र्यांना झालं; म्हणजे आचार्य एकदम शंकराचार्यांच्या वर गेले. मग त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. जावयाला काही करावं लागत नव्हतं, त्याचा संगणक स्वतःच शब्द सुचवत होता : आचार, विचार, उच्चार, प्रचार, आचारसंहिता. आचारसंहितेपाशी जावई थांबला आणि म्हणाला, ‘हा शब्द मुळात हवाच कशाला? कुक लिहू या की.’ सोपेपणाचं हे शिखरच म्हणायचं. अडचण सोडवायची नाही, भाषेतनं शब्दच काढून टाकायचा. भाच्याने काळी खिडकी उघडली. ‘कुठला लेआउट हवाय?’ त्याने विचारलं. मला आचारी हवा होता. त्याने काहीतरी उतरवून घेतलं, मग ते चालावं म्हणून आणखी काहीतरी, मग पहिलं काढून टाकलं. साडेअकराला तो ओरडला, ‘आला!’ खरंच आला होता. पडद्यावर लख्ख ‘आचाऱ्यांना’. फक्त त्या क्षणापासून त्या यंत्राचा आवाज गेला, तो अजून आलेला नाही. भाचा खूश आहे. सध्या तो आवाजावर काम करतोय.

गंमत पुढेच आहे. ज्या सोपेपणावरून हे तिघे एकमेकांचे गळे धरतात, त्या तिन्ही सिस्टिममध्ये मराठीचा एक कळफलक जवळजवळ अक्षराला अक्षर सारखा आहे. इन्स्क्रिप्ट त्याचं नाव. १९८६ साली आपल्याच देशात ठरलेला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. जे-च्या कळीवर र. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. मग डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य आहे तो घ्यायचा. झाला ऱ्य. काळी खिडकी नको, जावई नको. सभेत एकालाही हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असणार तरी कसं? दुकानात जो कीबोर्ड मिळतो त्यावर ही अक्षरं छापलेली नसतात. म्हणजे सोय आहे, तिन्हीकडे आहे, फुकट आहे, फक्त ती आहे हे कुणाला कळू नये अशी व्यवस्था आहे. आमच्या इमारतीतला आग विझवायचा नळ असाच आहे. कुलूपबंद.

आणि हा ऱ तरी आपला आहे का? युनिकोडच्या दफ्तरात त्याची नोंद पाहा. टिंबवाला हा ऱ तिथे मुळात द्राविडी भाषांतला एक र नागरीत लिहून दाखवायला ठेवलाय. आपल्या अर्ध्या र-ला स्वतःचं घर नाही, तो त्या ऱ-च्या घरात पोटभाडेकरू. आचाऱ्याला ५००० रुपये द्यायचे तर आधी तमिळ-मल्याळमच्या दारावरून जायचं. द्राविडी प्राणायाम हा वाक्प्रचार आपल्या पूर्वजांनी काय दूरदृष्टीने करून ठेवलाय! बरं, या भाडेकरूचं आणखी एक बिऱ्हाड आहे. साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मागे एक ‘शून्य रुंदीचा जोडक’ लावायचा. हे एक अक्षर आहे, पण ते दिसत नाही, जागा घेत नाही; फक्त शेजाऱ्याने कसं वागावं ते ठरवतं. आमच्या कमिटीत असे दोन सभासद आहेत. तर काही यंत्रं पहिल्या पद्धतीने अर्धा र करतात, काही दुसऱ्या. दोन्ही छापल्यावर जुळे भाऊ. पण संगणकाला शोधायला सांगितलं की तो म्हणतो, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मे महिन्यात टँकरच्या किती फेऱ्या झाल्या ते पाहायला खजिनदारांनी हिशेबाच्या फाइलमध्ये ‘फेऱ्या’ शोधलं, तर उत्तर शून्य. फाइल एका यंत्रावर लिहिलेली, शोध दुसऱ्या यंत्रावर. खजिनदारांनी त्याच दिवशी टँकरवाल्याचं बिल अडवलं. आम्ही तीन दिवस बादल्या घेऊन जिने चढलो, का, तर एका न दिसणाऱ्या अक्षराला रुंदी नव्हती.

इथवर मी हसून घेतलं. आता नाही हसत.

कारण हा र काही एखाद्या आचाऱ्यापुरता नाही. पहिल्या आणि चौथ्या मजल्याला त्रास नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्याला आहे. बायकोला काय वाटतं ते बिनचूक लिहिता येतं, नवऱ्याला काय वाटतं ते अडतं, हे एक वेळ परंपरेला धरून आहे. पण वारकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, अधिकाऱ्यांना, कामकऱ्यांना, आणि शेतकऱ्यांना? शेतकऱ्यांना हा शब्द टाळून महाराष्ट्रात एक बातमी, एक भाषण, एक अर्ज लिहून दाखवा. आणि मग जरा डोळे उघडे ठेवून रस्त्यावरचे फलक, अर्जांचे नमुने, टीव्हीच्या पडद्याखालून धावणाऱ्या पट्ट्या वाचा. शेतकर्यांना. शेतकर्यांच्या. शेतकर्यांसाठी. ज्याच्या नावाने सगळं चालतं त्याचं नाव धड लिहिण्याची कुणाला गरज वाटत नाही. ‘समजतं ना?’ असं विचारतात वर. समजतं हो! पगाराच्या चेकवर तुमच्या नावात असाच एक रफार चढवून देतो, मग बँकेत जाऊन सांगा समजतं म्हणून. शिशाच्या खिळ्यांच्या काळात या अर्ध्या र-ला छापखान्यात स्वतःचा खिळा होता. अंधुक दिव्याखाली, उलटं अक्षर वाचत जुळारी तो बरोब्बर उचलायचा. त्याला कुणी सोपेपणाची व्याख्या शिकवली नव्हती. आणि आता ज्यांच्या यंत्रात लाखाच्या वर चिन्हं मावतात, वांग्यापासून उंटापर्यंत सगळ्याची चित्रं मावतात, ते म्हणतात की पापणीएवढी रेघ अवघड आहे. सोपं! कुणाला सोपं? २०१२ साली विंडोजच्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण काढलं तर जगभर बोंब झाली आणि वर्षभरात बटण परत आलं. इथे ते बटण ज्या ‘कोपऱ्यात’ होतं तो कोपरा लिहिता येत नाही, त्याबद्दल कोण बोंबललं? मुळात विंडोजला देवनागरी नीट यायला लागली ती २००० सालच्या आवृत्तीपासून. त्यानंतरच्या एक्सपीत मराठी हवी असेल तर ‘गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपी’ अशा अर्थाच्या चौकोनात खूण करायची आणि सीडी शोधायला कपाटावर चढायचं. आम्ही डावीकडून उजवीकडेच लिहीत होतो हो. पण रांग ती! तेव्हा आम्ही गुंतागुंतीचे होतो, हरकत नाही, निदान तसं तोंडावर सांगत तरी होते. आता सांगतात की सगळं सोपं झालंय, आणि कोपरे गोल करून देतात.

ही तक्रार मी लेखी करणार होतो. तिला मराठीत शब्द आहे गाऱ्हाणं. तो फोनवर चार वेळा लिहून पाहिला. दर वेळी गार्हाणं होत गेलं आणि पाचव्या वेळी फोनने आपण होऊन ‘गार हवा’ सुचवली.

असो. सोसायटीपुरता विषय परवाच्या सभेत संपला. आचाऱ्याने दुसरीकडचं लग्न घेण्याची धमकी दिली होती, तेव्हा ठराव करणं भाग होतं. दीड तास चर्चा होऊन असं ठरलं की चुकून गेलेली रक्कम परत घ्यावी आणि ज्याची त्याला द्यावी. सूचक मी, अनुमोदक विंडोजवाले काका. विरोध कुणाचा नाही, आचार्य स्वतः सभेला होते आणि त्यांनी मान डोलावली. भाच्याने इतिवृत्त लिहून द्यायची तयारी दाखवली, पण त्याच्या यंत्राचा आता पडदाही गेलाय. जावयाने सभेचा फोटो काढला. शेवटी चिटणिसांनीच नेहमीच्या यंत्रावर टाइप केलं, अध्यक्षांनी सही केली, शिक्का बसला, आणि काल सकाळी कागद फलकावर लागला : ‘ठराव क्र. ४. रु. ५००० आचार्यांकडून वसूल करून आचार्यांना देण्यात यावेत.’

खजिनदार तो कागद घेऊन नियमाप्रमाणे दुसऱ्या मजल्यावर गेले. आचार्यांनी चष्मा लावून ठराव दोनदा वाचला. पंचांगातलं पाकीट काढून खजिनदारांच्या हातात दिलं, खजिनदारांनी नोटा मोजल्या, पावती फाडली, आणि पाकीट परत आचार्यांना देऊन व्हाउचरवर दुसरी सही घेतली.